तापाची नोंद : श्वसनमार्गाचे विषाणुजन्य रोग आणि त्यांचे संकेतांक

१९१८ सालच्या जून महिन्यात मुंबई शहरात तापाची एक साथ सुरू झाली. प्रारंभी आजारी पडलेल्यांत काही पोलीस शिपाई होते. पुढे गोदी, कचेऱ्या आणि कापडगिरण्या यांत काम करणाऱ्या माणसांत ती पसरली. ही पहिली लाट तुलनेने सौम्य होती. परंतु सप्टेंबर व ऑक्टोबर महिन्यांत आलेली दुसरी लाट अतिशय घातक ठरली आणि आगगाडीच्या मार्गांनी ती देशाच्या अंतर्भागात, खेड्यापाड्यांत जाऊन पोचली. धडधाकट तरुण माणसे चार-पाच दिवसांच्या तापात मरण पावली. या रोगाचे नाव इन्फ्लुएन्झा होते.

त्या काळी खेड्यातील मृत्यूची नोंद डॉक्टर करीत नसे. मुंबई इलाख्यात ती पोलीस पाटलाकडे असे, तर उत्तर हिंदुस्थानात गावचा चौकीदार मृत्यूची खबर ठाण्यावर नेऊन पोचवी. नोंदवहीत मृत्यूच्या कारणांसाठी मोजकेच रकाने होते : पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण व अतिसार, श्वसनविकार, इजा आणि ‘इतर’. इन्फ्लुएन्झासाठी रकाना नव्हता. नोंद करणाऱ्या माणसाला दिसला तो ताप. म्हणून लक्षावधी माणसे ‘ताप’ या एका शब्दाखाली नोंदली गेली. साथ ऐन भरात असताना अनेक ठिकाणी नोंद करणारे स्वतःच आजारी पडले, आणि तेथे तेवढीही नोंद झाली नाही.

याचा परिणाम असा झाला की या साथीत देशात किती माणसे मरण पावली, हे सांगण्यासाठी पुढे अनुमानाचाच आधार घ्यावा लागला. प्रारंभीच्या सरकारी अंदाजात हा आकडा ६० लाखांच्या आसपास होता. १९२१ च्या जनगणनेनंतर तो सव्वा कोटीच्या घरात गेला. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या आय. डी. मिल्स यांच्या अभ्यासात तो १ कोटी ७० लाख ते १ कोटी ८० लाख असा मांडण्यात आला. अलीकडील काही अभ्यासांत तो यापेक्षा कमी, म्हणजे १ कोटी ४० लाखांच्या आसपास धरलेला आहे. या अंदाजांतील अंतर काही हजारांचे नसून कोटीच्या घरातले आहे. हे अंतर कशामुळे पडते आणि ते कमी करण्यासाठी कोणती व्यवस्था उभी राहिली, हे समजून घेणे हा या प्रकरणाचा उद्देश आहे.

नावांचा गोंधळ आणि वर्गीकरणाचा उगम

मृत्यूच्या कारणांची मोजदाद करण्याची कल्पना जुनी आहे. लंडन शहरात सतराव्या शतकात दर आठवड्याला मृत्यूंच्या याद्या प्रसिद्ध होत असत. जॉन ग्राँट या व्यापाऱ्याने या याद्यांचा अभ्यास करून १६६२ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. लोकसंख्याशास्त्राचा आरंभ तेथून मानला जातो. परंतु या याद्यांतील कारणे प्रशिक्षित वैद्यांनी लिहिलेली नव्हती, आणि एकच रोग निरनिराळ्या नावांनी नोंदला जाई.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या निबंधक कार्यालयात आकडेवारीचे काम पाहणाऱ्या विल्यम फार यांनी या दोषावर बोट ठेवले. एका रोगाला तीन-तीन, चार-चार नावे असतील आणि एकाच नावाखाली अनेक रोग येत असतील, तर त्या नोंदींची बेरीज करून काहीही निष्पन्न होणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वजनमापांना जसे एक प्रमाण लागते, तसेच रोगांच्या नावांनाही लागते. १८५३ साली ब्रुसेल्स येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेने फार आणि जिनिव्हाचे मार्क देस्पिन यांच्याकडे सर्व देशांना वापरता येईल अशी यादी तयार करण्याचे काम सोपविले. १८५५ मध्ये पॅरिस येथे १३९ शीर्षकांची एक यादी स्वीकारण्यात आली. पुढे १८९३ साली फ्रान्सचे झाक बर्तियाँ यांनी शिकागो येथील सभेत आपले वर्गीकरण मांडले, आणि त्याचा स्वीकार अनेक देशांनी केला. आजच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाचा हाच पूर्वज होय.

१९४८ साली या वर्गीकरणाची सहावी आवृत्ती जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या हाती घेतली. तोपर्यंत ते मुख्यतः मृत्यूच्या कारणांपुरते होते. आता त्यात आजारांचाही समावेश झाला. दहाव्या आवृत्तीला १९९० साली मान्यता मिळाली व १९९४ पासून ती सदस्य देशांत वापरात येऊ लागली. अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये स्वीकारण्यात आली आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तथापि एका आवृत्तीकडून दुसरीकडे जाण्यास प्रत्येक देशाला पुष्कळ वर्षे लागतात. पुढील विवेचनात दहाव्या आवृत्तीचे संकेतांक घेतलेले आहेत.

फार यांच्या कार्याचा आणखी एक भाग येथे सांगितला पाहिजे. १८४७ साली लंडनमध्ये इन्फ्लुएन्झाची साथ आली, तेव्हा ज्यांच्या नोंदीत ‘इन्फ्लुएन्झा’ हा शब्द होता तेवढेच मृत्यू मोजून ते थांबले नाहीत. नेहमीच्या वर्षांत त्याच आठवड्यांत किती मृत्यू होतात आणि या वर्षी किती झाले, यांची तुलना करून त्यांनी जादा मृत्यूंचा आकडा काढला. हा आकडा नोंदीतील आकड्यापेक्षा पुष्कळ मोठा निघाला, कारण अनेक मृत्यू दमा, श्वासनलिकादाह, फुफ्फुसदाह अशा नावांखाली दडलेले होते. १९१८ च्या साथीतील भारतीय मृत्यूंचे अंदाज याच पद्धतीने केले गेले. नोंद अपुरी असली म्हणजे अशा वजाबाकीचा आश्रय घ्यावा लागतो. या वजाबाकीतून साथीचा एकूण आकडा कळतो, पण त्या आकड्यात कोण होते हे मात्र कळत नाही.

संकेतांक म्हणजे काय?

दहाव्या आवृत्तीत प्रत्येक रोगाला एक रोमन अक्षर व त्यापुढे अंक अशी खूण दिलेली आहे. तिला संकेतांक म्हणतात. श्वसनसंस्थेच्या रोगांसाठी ‘जे’ हे अक्षर असून जे ०० पासून जे ९९ पर्यंतचा पट्टा या रोगांना दिलेला आहे. साधी सर्दी जे ०० मध्ये येते. इन्फ्लुएन्झासाठी तीन शीर्षके आहेत. प्राण्यांकडून आलेला किंवा जागतिक साथीचा विषाणू ओळखला गेला असेल तर जे ०९. नेहमीचा हंगामी विषाणू ओळखला गेला असेल तर जे १०. आणि डॉक्टरांचे निदान इन्फ्लुएन्झाचे आहे, परंतु विषाणू ओळखला गेलेला नाही, तर जे ११. पूर्णविरामानंतरचा अंक रोगाचे स्वरूप सांगतो. जे १०.० म्हणजे हंगामी विषाणू ओळखला गेलेला असून रोग्याला न्यूमोनियाही झालेला आहे.

या तीन शीर्षकांकडे लक्षपूर्वक पाहिले असता एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. त्यांच्यातील भेद रोग्याच्या लक्षणांवर आधारलेला नाही. तिघांचाही ताप, खोकला व अंगदुखी सारखीच असू शकेल. भेद आहे तो ज्ञानाचा : विषाणू तपासला गेला की नाही, आणि तपासला तर कोणता सापडला. इन्फ्लुएन्झाचा मानवी विषाणू प्रथम १९३३ साली लंडनमध्ये वेगळा करण्यात आला. तोवर हा रोग एका जिवाणूमुळे होतो अशीच बहुतेकांची समजूत होती. अर्थात १९१८ साली जगातील सर्वांत मोठ्या रुग्णालयातही जे १० लिहिता आले नसते. आपल्याला नक्की काय माहीत आहे, हे जसे संकेतांक सांगतो, तसेच काय माहीत नाही हेही तो प्रामाणिकपणे सांगतो.

हीच गोष्ट लहान मुलांच्या एका रोगात दिसते. दोन वर्षांखालील मुलांना सूक्ष्म श्वासनलिकांचा दाह होतो; मूल धापा टाकते, त्याची छाती आत ओढली जाते व ते दूध पिणे सोडते. हा रोग पुष्कळदा रेस्पिरेटरी सिन्सिशियल विषाणूमुळे होतो. तपासणी होऊन हा विषाणू सापडला तर संकेतांक जे २१.०, तपासणी झाली नाही तर जे २१.९, म्हणजे ‘अनिर्दिष्ट’. २०२३ साली काही देशांत या विषाणूविरुद्ध गर्भवती स्त्रियांना देण्याच्या लसीस मान्यता मिळाली. एखाद्या राज्याला अशी लस हवी की नको, हे ठरविताना पहिला प्रश्न निघेल तो असा की तेथील किती मुले या विषाणूने आजारी पडतात. सर्व नोंदी जे २१.९ मध्येच असतील तर त्या प्रश्नाला उत्तर नाही.

नोंदीच्या तीन पायऱ्या

आजाराची नोंद रुग्णालयात सुरू होत नाही. ती गावात सुरू होते. भारतात २००४ साली एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्यात तीन प्रकारचे तक्ते ठरविण्यात आले. पहिला तक्ता आरोग्यसेविकेचा व आरोग्यसेवकाचा : घरोघरी फिरताना त्यांना खोकला व ताप असलेले जे रोगी आढळतात, त्यांची ‘संशयित’ म्हणून नोंद. दुसरा तक्ता वैद्यकीय अधिकाऱ्याचा : रोग्याला तपासून केलेल्या ‘संभाव्य’ निदानाची नोंद. तिसरा तक्ता प्रयोगशाळेचा : तपासणीने ‘निश्चित’ झालेल्या रोग्यांची नोंद. पुढे हे काम कागदावरून संगणकावर आले, तरी या तीन पायऱ्या कायम आहेत.

या तिन्ही पायऱ्यांना आपापले मोल आहे. पहिली पायरी सर्वांत रुंद असून तिच्यावर चूक होण्याचा संभवही सर्वांत अधिक; परंतु एखाद्या तालुक्यात तापाचे रोगी अचानक वाढले, तर ते प्रथम तेथेच दिसते. तिसरी पायरी अरुंद पण पक्की असते. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था या पायरीवरील देशातील प्रमुख संस्था होय. १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून तिची स्थापना झाली. २०२० च्या जानेवारीअखेर केरळमधील रोग्याच्या रूपाने देशातील पहिला कोविड-१९ चा रोगी निश्चित झाला, तो याच संस्थेतील तपासणीमुळे.

या पायऱ्यांची सरमिसळ होऊ नये यासाठी ‘रोगी’ म्हणजे कोण याची व्याख्या अगोदर ठरवावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे इन्फ्लुएन्झासदृश आजार म्हणजे ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक मोजलेला ताप, सोबत खोकला, आणि आजाराचा आरंभ गेल्या दहा दिवसांतला. रोग्याला रुग्णालयात दाखल करण्याची गरज पडली तर तो तीव्र श्वसनविकार गणला जातो. व्याख्या जर प्रत्येक गावात निराळी असेल, तर एका गावात रोगी वाढले की व्याख्या सैल झाली, हे कोणालाही सांगता येणार नाही.

मृत्यूचे कारण कसे लिहावे?

रोगी दगावला म्हणजे नोंदीचे काम अधिक काटेकोर होते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ याखाली मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावयाची असते. रुग्णालयात मृत्यू झाला असल्यास डॉक्टर ‘नमुना ४’ या कागदावर कारण लिहून देतात. घरी झालेल्या मृत्यूसाठी, शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ‘नमुना ४ अ’ भरावयाचा असतो. या कागदांची रचना जागतिक आरोग्य संघटनेने ठरविलेल्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रावर आधारलेली आहे.

कागदाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ अशा ओळी. ‘अ’ या ओळीत मृत्यूचे अगदी निकटचे कारण, ‘ब’ मध्ये ते ज्यामुळे उद्भवले ते कारण, आणि ‘क’ मध्ये ज्यापासून ही सर्व साखळी सुरू झाली ते मूळ कारण लिहावयाचे. प्रत्येक ओळीसमोर तो विकार मृत्यूपूर्वी किती दिवस होता, तो कालावधी नमूद करावयाचा. दुसऱ्या भागात अशा विकारांची नोंद, की ज्यांनी मृत्यूला हातभार लावला परंतु जे त्या साखळीतील दुवे नव्हते. देशाच्या आकडेवारीत मृत्यू ज्या रोगाच्या नावावर जमा होतो, तो सामान्यतः पहिल्या भागातील सर्वांत खालच्या ओळीवरचा रोग होय. कारण प्रतिबंध करावयाचा तो साखळीच्या आरंभाला. तिच्या टोकाला नव्हे.

प्रत्येक मनुष्याचे हृदय अखेरीस थांबते आणि श्वासही थांबतो. म्हणून ‘हृदयक्रिया बंद पडली’ हे मृत्यूचे वर्णन आहे, कारण नव्हे. तरीही घाईत, रात्रपाळीच्या शेवटी, नातेवाईक दाराशी उभे असताना डॉक्टरांच्या लेखणीतून हेच शब्द सर्वांत सहज उतरतात.

एक मृत्यू, चार संकेतांक

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अठ्ठावन्न वर्षांच्या एका स्त्रीला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. पावसाळ्यात तिला ताप व कोरडा खोकला सुरू होतो. सहाव्या दिवशी धाप लागल्यामुळे तिला रुग्णालयात आणले जाते. क्ष-किरण चित्रात दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया दिसतो. नाक व घशातील स्रावाच्या आरटी-पीसीआर तपासणीत हंगामी इन्फ्लुएन्झाचा एच३एन२ विषाणू सापडतो. नवव्या दिवशी तिला तीव्र श्वसनत्रासाचा विकार जडतो व अकराव्या दिवशी ती मरण पावते.

योग्य रीतीने भरलेल्या कागदावर ‘अ’ मध्ये तीव्र श्वसनत्रासाचा विकार, दोन दिवस. ‘ब’ मध्ये न्यूमोनिया, पाच दिवस. ‘क’ मध्ये इन्फ्लुएन्झा ए, एच३एन२, तपासणीने निश्चित, अकरा दिवस. आणि दुसऱ्या भागात मधुमेह, बारा वर्षे, असे लिहिलेले असेल. संकेतांक देणारा कर्मचारी त्यावरून मूळ कारणासाठी जे १०.० लिहील.

आता समजा, तपासणीचा अहवाल मृत्यूनंतर आला आणि तो केसपेपरला कोणी जोडलाच नाही. डॉक्टरांनी आपल्या निदानाप्रमाणे ‘इन्फ्लुएन्झा व न्यूमोनिया’ एवढेच लिहिले. संकेतांक जे ११.० झाला, विषाणूची ओळख हरवली. समजा, केवळ ‘न्यूमोनिया’ लिहिले. संकेतांक जे १८.९, म्हणजे कारण अनिर्दिष्ट असलेला न्यूमोनिया, इन्फ्लुएन्झाही हरवला. समजा, ‘क’ या ओळीत इन्फ्लुएन्झाऐवजी मधुमेह लिहिला आणि विषाणूचा उल्लेखच केला नाही. संकेतांक ई १४ या शीर्षकाखाली गेला व हा मृत्यू मधुमेहाच्या खाती जमा झाला. आणि समजा, ‘श्वसनक्रिया थांबली’ एवढीच नोंद झाली. तर संकेतांक आर ०९.२, म्हणजे ज्यात लक्षणे व अनिश्चित अवस्था ठेवल्या जातात त्या प्रकरणात ही स्त्री जाऊन पडली.

योग्य नोंदीची वाट सोडली की एकाच मृत्यूला असे चार निराळे संकेतांक मिळू शकतात. यांपैकी कोठेही संकेतांक देणाऱ्या कर्मचाऱ्याची चूक नाही. त्याने रोग्याला पाहिलेले नसते, आणि कागदावर नसलेली गोष्ट गृहीत धरण्याचा त्याला अधिकार नसतो. त्याच्यासमोर ‘एआरएफ’ अशी आद्याक्षरे आली, तर ती मूत्रपिंडाच्या तीव्र निकामीपणाची की श्वसनाच्या, हे त्याने कसे ठरवावे? इंग्रजीत दोन्ही विकारांची आद्याक्षरे एकच आहेत. म्हणूनच प्रमाणपत्रावर आद्याक्षरे वापरू नयेत, अक्षर सुवाच्य असावे, कालावधी लिहावा, आणि तपासणीचा निष्कर्ष स्पष्ट नमूद करावा, असे डॉक्टरांना वारंवार सांगितले जाते. हे नियम कारकुनी वाटतात. परंतु रोगाचे अस्तित्व त्यांच्यावर टिकून असते.

नवा विषाणू, नवा संकेतांक

नवा रोग आला म्हणजे जुन्या यादीत त्याला जागा नसते. १९१८ सालच्या नोंदवहीची हीच अडचण होती. ही अडचण पुन्हा येऊ नये म्हणून दहाव्या आवृत्तीत ‘यू’ या अक्षराखालील काही संकेतांक मुद्दाम रिकामे ठेवण्यात आले होते. २०२० च्या फेब्रुवारीत कोविड-१९ हे नाव निश्चित झाले आणि जागतिक आरोग्य संघटनेने या रोगास यू ०७.१ हा संकेतांक दिला. लवकरच त्याच्या जोडीला यू ०७.२ आला. पहिला, तपासणीने विषाणू ओळखला गेला असेल तेव्हा. दुसरा, लक्षणांवरून व संपर्कावरून निदान झाले असून तपासणी झालेली नसेल किंवा निर्णायक ठरली नसेल तेव्हा. इन्फ्लुएन्झातील जे १० व जे ११ यांच्यातील भेदच येथे पुन्हा दिसतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० च्या मे महिन्यातच या मृत्यूंच्या नोंदीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. कोविड-१९ हे मूळ कारण म्हणून खालच्या ओळीत लिहावे; न्यूमोनिया व श्वसनत्रास हे त्याचे परिणाम म्हणून वर लिहावेत; मधुमेह, हृदयविकार, दमा यांसारखे जुने विकार दुसऱ्या भागात ठेवावेत; आणि ते असल्यामुळे माणूस कोविडने मेला नाही असे समजू नये, असा त्या सूचनांचा आशय होता. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. रस्त्यावरील अपघातात मरण पावलेल्या माणसाच्या तपासणीत विषाणू सापडला, म्हणून तो मृत्यू कोविडचा ठरत नाही. रोग असताना मृत्यू येणे आणि रोगामुळे मृत्यू येणे या दोन भिन्न गोष्टी असून साखळी लिहिण्याची पद्धत त्यांना वेगळे करते.

कागदावरचा शब्द आणि कुटुंबाचा हक्क

हे सारे आकडेशास्त्रज्ञांपुरते आहे असा समज २०२१ साली दूर झाला. त्या वर्षीच्या वसंत ऋतूत आलेल्या दुसऱ्या लाटेत असंख्य कुटुंबांनी आपली माणसे गमावली. अनेकांची तपासणी झालेली नव्हती; अनेकांच्या कागदावर केवळ न्यूमोनिया किंवा हृदयक्रिया बंद पडणे असे लिहिलेले होते. शिवाय निबंधकाकडून कुटुंबाला मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर कारणाचा उल्लेख नसतो. १९६९ च्या अधिनियमानेच तशी मनाई केलेली आहे. त्यामुळे ‘माझा नवरा कोविडने गेला’ हे सिद्ध करण्याचे साधन पुष्कळ विधवांच्या हाती नव्हते.

३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या संबंधात निर्णय दिला. कोविडने मरण पावलेल्यांच्या कुटुंबीयांना अनुग्रह साहाय्य देण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे ठरवावीत आणि मृत्यूचे कारण नमूद करणारा अधिकृत कागद मिळविण्याची पद्धत सोपी करावी, असे निर्देश त्यात होते. त्यानुसार सप्टेंबर २०२१ मध्ये नव्या सूचना निघाल्या. तपासणीने रोग ठरल्यापासून, किंवा रुग्णालयात वैद्यकीय निदान झाल्यापासून, ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू रुग्णालयाबाहेर झाला असला तरी कोविडचा धरावा, असे ठरले. ज्यांची तक्रार असेल त्यांच्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात समिती नेमण्याची तरतूद करण्यात आली. साहाय्याची रक्कम ५०,००० रुपये ठरली.

या प्रसंगाने एक गोष्ट स्वच्छ झाली. मृत्यूचे कारण ही केवळ वैद्यकीय बाब नाही. तो एक पुरावा आहे, आणि पुरावा नसला म्हणजे हक्कही मागता येत नाही. ज्यांची तपासणी झाली होती, ज्यांना रुग्णालयात खाट मिळाली होती, त्यांचे कागद पूर्ण होते. ज्यांना यांपैकी काही मिळाले नव्हते, त्यांचा कागदही रिकामाच राहिला. नोंदीतील उणीव गरिबाच्या वाट्याला अधिक येते, ती अशी.

ज्यांचे कारण कोणी लिहीत नाही

२०२० साली देशात नोंदलेल्या एकूण मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. राज्याराज्यांत हे प्रमाण फार भिन्न आहे : गोव्यात ते १०० टक्के होते, तर बिहारमध्ये ५ टक्क्यांहूनही कमी. त्या वर्षी प्रमाणित मृत्यूंपैकी सुमारे १ लाख ६० हजार मृत्यू कोविड-१९ चे होते. उरलेल्या मृत्यूंचे काय, हे या कागदांवरून सांगता येत नाही.

ही पोकळी भरून काढण्यासाठी नमुना नोंदणी पद्धतीत ‘मौखिक शवचिकित्सा’ करण्यात येते. देशातील निवडक गावांत व शहरी विभागांत मृत्यू झालेल्या घरी प्रशिक्षित कर्मचारी जातो. ताप होता काय, किती दिवस होता, खोकला होता काय, धाप केव्हा लागली, असे ठरावीक प्रश्न तो घरच्यांना विचारतो आणि त्यांचे कथन लिहून घेतो. हे कथन दोन डॉक्टर स्वतंत्रपणे वाचून संकेतांक देतात. त्यांच्यात मतभेद राहिल्यास तिसऱ्याचा निर्णय घेतला जातो. कर्करोग, अपघात, सर्पदंश यांच्याविषयी या पद्धतीने मोलाची माहिती मिळालेली आहे. परंतु श्वसनमार्गाच्या विषाणुजन्य रोगांपुढे तिला मर्यादा पडतात. घरच्या माणसांनी ताप पाहिलेला असतो, विषाणू नव्हे.

म्हणून मोठ्या साथीनंतर फार यांच्या वजाबाकीकडेच परत यावे लागते. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२० व २०२१ या दोन वर्षांत जगात सुमारे १ कोटी ४९ लाख जादा मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला. त्यांपैकी सुमारे ४७ लाख भारतातील होते, तर भारतात २०२१ अखेर अधिकृतपणे नोंदलेले कोविड-मृत्यू ५ लाखांच्या आत होते. भारत सरकारने या अंदाजाच्या पद्धतीस आक्षेप घेतला. या वादात कोणाची बाजू बरोबर, हा येथील प्रश्न नाही. वाद उद्भवण्यास जागा राहिली, ती प्रत्येक मृत्यूचे कारण लिहिलेले नव्हते म्हणून. शंभर वर्षांपूर्वीच्या साथीविषयी जो प्रश्न अभ्यासकांना पडला, तोच या साथीविषयी पडला.

काही बदल झालेले आहेत. १९६९ च्या अधिनियमात २०२३ साली दुरुस्ती झाली व ती त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून अमलात आली. तिच्यानुसार सरकारी असो वा खासगी, प्रत्येक वैद्यकीय संस्थेने मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र विनामूल्य निबंधकाकडे पाठवावयाचे आणि त्याची एक प्रत जवळच्या नातेवाइकास द्यावयाची आहे. ही प्रत हाती आली म्हणजे ती पेटीत ठेवून देण्यापूर्वी एकदा वाचावी. पहिल्या भागातील शेवटच्या ओळीत रोगाचे नाव आहे काय, तपासणी झाली असल्यास तिचा उल्लेख आहे काय, आणि कालावधी लिहिलेला आहे काय, एवढे पाहण्यासाठी वैद्यकाचे ज्ञान लागत नाही. काही उणे असल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारता येते. त्यांच्याजवळ केसपेपर असतो व आठवणही ताजी असते. काही वर्षांनी यांपैकी काहीच हाताशी राहत नाही.

१९१८ साली ज्याने नोंदवहीत ‘ताप’ असे लिहिले, त्या पोलीस पाटलाला दोष देता येणार नाही. त्याच्यापाशी दुसरा शब्द नव्हता, आणि त्या रोगाचे खरे कारण त्या वेळी जगात कोणालाच ठाऊक नव्हते. आज शब्द आहे, तपासणी आहे, संकेतांकही आहे. उरते ते एवढेच, की मृत्यूच्या वेळी जे कोणी जवळ असेल त्याने तो शब्द योग्य ओळीत लिहावा.